बर्नहून आलेलं पाकीट

फ्रिस्कोत पानगळ नसते असं म्हटलं की इथली माणसं रागावतात. म्हणून आधीच सांगते, असते, पण दुकानात. ऑक्टोबर लागला की दाराशीच भोपळ्यांचे ढीग, लाल-पिवळ्या कापडी पानांच्या माळा आणि दालचिनीचा असा काही घमघमाट, की दूध आणायला गेलेला माणूस शिंकतच बाहेर येतो. बाहेर मात्र टेक्ससचं रणरणतं ऊन आणि आमच्या दारातलं ओकचं झाड हिरवंगार, ढिम्म. माझा नवरा मंदार म्हणतो, "बरंय की यार, पानं गोळा करायची कटकट नाही." कटकट नाही हे खरं. पण ऑक्टोबर आला की माझे तळहात उगाच हुळहुळायला लागतात. चार वर्षांपूर्वी दाताळ्याच्या दांड्यानं आलेले फोड केव्हाच बरे झालेत, तरी.

परवा दुपारी बेल वाजली. दारात कॉलेजातली एक मुलगी, हातात कागद लावलेली पाटी, छातीवर बिल्ला. निवडणुकीचं वर्ष आहे. गल्लीत घरटी एक तरी पाटी हिरवळीत खोचलेली आहेच.

"मॅम, मतदार म्हणून तुमचं रजिस्ट्रेशन झालंय का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"मी सिटिझन नाही."

"ओह, आय ॲम सो सॉरी!" ती इतक्या कळवळून म्हणाली, की आमच्याकडे कोणी गेलंबिलंय की काय असं मलाच वाटलं.

नऊ वर्षांची ईशा माझ्या मागे उभी राहून ऐकत होती. दार लावल्यावर म्हणाली, "आई, व्हाय वॉज शी सॉरी?"

"अगं, मला मत देता येत नाही म्हणून तिला वाईट वाटलं."

"बट यू डोंट केअर, राइट?"

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसवरचा चहा गाळला आणि खिडकीशी उभी राहिले. समोर तेच ढिम्म ओकचं झाड. आणि मला भर उन्हात ओल्या पानांचा वास आला. त्यामागून प्लम भाजल्याचा आंबटगोड वास, आणि मग जाड करड्या कागदाचा, लांबून आलेल्या टपालाला येतो तसा कोरडा वास. दोन हजार चार सालचा न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचा फॉल, तिथली पानगळ, असा वासांच्या रांगेतूनच येतो माझ्याकडे, दर वर्षी, न चुकता.

पिस्कॅटवेला आम्ही एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली घरमालकीण, मार्ग्रिट झुमब्रुन. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, सत्तर वर्षांच्या, उंच, ताठ, केस कापसासारखे पांढरे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मला मार्ग्रिट म्हण." आता सत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी आपलं 'मार्ग्रिटकाकू' सुरू केलं. काकू म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं, दोन वेळा म्हणून पाहिलं, आणि मग पोस्टमनलासुद्धा ऐटीत सांगितलं, की वरची मंडळी मला काकू म्हणतात.

मी पुण्याची. आमच्या वेळी पुण्यात दर तिसरी मुलगी जर्मन शिकायची. मीही शिकले, परीक्षा दिल्या, आणि मोटारींच्या एका कंपनीत मशीनची जर्मन माहितीपत्रकं इंग्रजीत करायची नोकरी पाच वर्षं केली. मग मंदारच्या मागून इथे आले. माझ्या व्हिसाचा अर्थच मुळी 'हिला नोकरी करायला बंदी' असा होता. कागदोपत्री मी डिपेंडंट. घरी पोळ्या करताना मी सवयीनं मनातल्या मनात मिक्सरचं माहितीपत्रक जर्मनमध्ये करायची. वेडच लागायचं बाकी होतं.

आणि अशात एक दिवस जिन्यात काकूंशी बोलता बोलता मी जर्मन बोलले. त्या तिसऱ्या पायरीवर थबकल्या. "परत बोल," म्हणाल्या. मी परत बोलले. त्या खळखळून हसल्या. "तू रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलतेस! आमच्या गावात असं बोललीस तर लोक उठून उभे राहतील." त्यांचं जर्मन म्हणजे डोंगरातलं, घशातून खडखडत येणारं, निम्मं मला कळायचं नाही. पण त्या दिवसापासून दुपारी चार वाजता खालच्या स्वयंपाकघरात माझी खुर्ची ठरून गेली.

देशाबाहेर राहणाऱ्या स्विस माणसांना तिकडे 'पाचवं स्वित्झर्लंड' म्हणतात, हे मला काकूंनीच सांगितलं. देशात चार भाषांचे चार भाग, आणि जगभर पांगलेल्यांचा हा पाचवा. पिस्कॅटवेतलं पाचवं स्वित्झर्लंड म्हणजे खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. तिथे घड्याळ अचूक होतं, ब्रेड रविवारी वेणी घालून भाजला जायचा, आणि ऑगस्टच्या एक तारखेला अंगणात कागदी कंदील लागायचे, कारण तो त्यांचा राष्ट्रीय दिवस. एकदा एवढे कंदील पाहून समोरच्या घरातल्या गुजराती काकांनी फोन करून मला विचारलं होतं, "दिवाली इतनी जल्दी कैसे?"

काकू त्यांच्या वॉल्टरबरोबर एकोणीसशे बासष्टमध्ये इथे आल्या होत्या. वॉल्टर इंजिनियर, दोन-तीन वर्षांसाठी आले आणि चाळीस वर्षं राहून गेले, म्हणजे अक्षरशः गेलेच. मुलगी ऑरेगॉनला. इतक्या वर्षांत काकूंनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं. "घ्यायचंय कशाला? मी आहे की कोणीतरी आधीच," म्हणायच्या.

एकदा त्यांनी आपला लाल पासपोर्ट दाखवला. त्यावर जन्मगाव नव्हतंच. त्यांच्याकडे मूळ गाव लिहितात, वाडवडिलांचं. आणि काकूंच्या वेळी लग्न झालं की बाईचं मूळ गावही बदलून नवऱ्याचं व्हायचं. "या गावी मी आयुष्यात दोनदा गेलेय," त्या त्या नावावर बोट टेकवून म्हणाल्या. "दोन्ही वेळा मयताला."

मी इतकी हसले, की त्या जरा दुखावल्या. मग मी सांगितलं, की मलाही कोणी मूळ गाव विचारलं तर सासूबाई माझ्याआधी उत्तर देतात, कऱ्हाडजवळच्या एका गावाचं, जिथे मी एकंदर चार दिवस राहिलेय आणि त्यातले दोन कुलदैवताच्या पूजेत गेलेत. तेव्हा त्याही हसल्या. आपण दोघी भलत्याच गावच्या आहोत, असं म्हणून त्यांनी मला आणखी कॉफी ओतली.

वर्षातून तीन-चार वेळा त्यांच्या राजधानीतून, बर्नहून, पाकीट यायचं. करडं, जाड, कडक. त्या देशात लोकांना सतत काही ना काही विचारतात. हा कायदा करू का, तो बोगदा खणू का, अमुक कर लावू का. पाकिटात प्रश्न समजावून सांगणारं एक छोटं लाल पुस्तक आणि एक मतपत्रिका. मतपत्रिकेवर प्रश्न छापलेला, आणि शेजारी एक रिकामी चौकट. त्या चौकटीत आपल्या हातानं शब्द लिहायचा, हो किंवा नाही, जर्मनमध्ये 'या' किंवा 'नाइन'. शिक्का नाही, फुली नाही. मला याचं भारी कौतुक वाटायचं. एवढा मोठा देश (लहानच आहे, पण देश तो देश) एका बाईच्या हस्ताक्षराची वाट बघत बसतो म्हणजे काय!

आणि काकूंना त्याचं काय अप्रूप होतं, ते मला हळूहळू कळलं. त्यांच्या तरुणपणी तिकडे बायकांना मतच नव्हतं. द्यावं का, असं एकदा विचारलं, तेही पुरुषांनाच, आणि पुरुषांनी 'नाही' म्हणून सांगितलं. पुढे बारा वर्षांनी मत मिळालं, तर तोवर काकू न्यू जर्सीत. मग परदेशातून टपालानं मत द्यायची सोय व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. काकूंनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, पिस्कॅटवेतल्या याच टेबलाशी. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता म्हणे. घरात दुसरं कोणी नव्हतं.

ते ऐकताना मला माझंच हसू आलं होतं, आणि जरा लाजही वाटली होती. दोन हजार चारच्याच मे महिन्यात आपल्याकडे निवडणूक झाली होती आणि परदेशातल्या आम्हाला मत द्यायची सोयच नव्हती. इथे तर प्रश्नच नव्हता. पुण्यात असताना मी मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याला जाणाऱ्यांतली. आता कुठेच मत नव्हतं, मतं मात्र भरपूर होती, आणि ती ऐकायला एकटा मंदार.

त्या फॉलपर्यंत काकूंच्या डोळ्यांचं काम बिघडलं होतं. नजरेच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याकडे बघायचं झालं तर त्या माझ्या कानाकडे बघायच्या. पानं गोळा करायला मात्र त्या दाताळं घेऊन उतरायच्याच. "दिसत नाहीत, पण ऐकू येतात," म्हणायच्या. आणि खरंच, मान कलती करून, सुकलेल्या पानांचा सळसळता आवाज ऐकत ऐकत त्या इतकी सरळ रांग लावायच्या, की माझी रांग शेजारी वेडीवाकडी दिसायची. पानं रस्त्याच्या कडेला लोटून ठेवायची, मग गावाची गाडी येऊन घेऊन जायची. ईशा तेव्हा पाच वर्षांची. ती त्या रांगेत उडी मारायची आणि काकू आवाजावरून ओळखून ओरडायच्या, "ईशा! परत लाव!"

सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकीट आलं. अंगणातल्या मॅपलच्या एकाच फांदीला पिवळी झाक आली होती तेव्हा. उन्हात अजून ऊब होती, पण सावलीत गेलं की अंगावर काटा यायचा. काकूंनी प्लमची टार्ट केली होती. सप्टेंबरात ती करायचीच, असा त्यांचा रिवाज. टेबलावर पाकीट, पेन आणि टार्ट. "आता मला वाचता येत नाही. तू वाच," त्या म्हणाल्या.

मी लाल पुस्तक उघडलं. माझ्या बातम्यांच्या जर्मनमध्ये मोठ्यानं वाचायला लागले. काय सांगू, किती दिवसांनी कोणाला तरी माझी ती भाषा लागत होती! घसा खाकरून, अर्थ तोलून मी वाचत होते. खिडकीतून ऊन टेबलावर सरकत होतं, टार्टवर एक माशी फिरत होती, आणि काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

प्रश्न होता नागरिकत्वाचा. त्या देशात कामाला आलेल्या परदेशी लोकांची मुलं, नातवंडं. तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली. त्यांना नागरिक होणं सोपं करावं का?

मी पुस्तक खाली ठेवलं. माझ्या दृष्टीनं यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"नाही," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"गावात कोणाला घ्यायचं ते गावानं ठरवायचं. एकेकाला बघून. आमच्याकडे असंच असतं."

मग माझं डोकं फिरलं. रागात माझं जर्मन सुधारतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काकू, त्या मुलांनी आणखी काय करायचं? जन्म तिथला, भाषा तिथली. तुम्ही चाळीस वर्षं तिथे राहत नाही, तरी तुम्ही ठरवणार. आणि जे जन्मल्यापासून तिथेच राहतायत ते दाराबाहेर? माझी ईशा इथे शाळेत जाते, झेंड्यासमोर उभी राहते. उद्या तिलाही असंच एखादी आजी लांबच्या टेबलाशी बसून नाही म्हणेल. तेव्हा तिचं तोंड बघायला तरी या!"

माझा आवाज चढला होता. काकूंनी डोळे उघडले आणि माझ्या कानाकडे पाहिलं. बराच वेळ. मग हात पुढे करून म्हणाल्या, "पेन दे. चौकट कुठे आहे ते दाखव."

मी त्यांचं बोट धरून चौकटीवर टेकवलं. त्यांनी दुसऱ्या हाताचा आडोसा केला, मत गुप्त असतं म्हणून, आणि लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. "वाचता येतंय का? येत नसेल तर सांग, परत लिहीन. वाचता आलं नाही तर ते मोजत नाहीत."

मी बघितलं. पेन चौकटीच्या बाहेर, छापलेल्या ओळींवर गेलं होतं. एक उभी रेघ कळत होती; तिच्यापुढचं सगळं एकात एक. काहीही वाचता येत नव्हतं. पण मी वाचलं. मला 'नाही' दिसलं, कारण मला तेच दिसणार होतं. रागानं माझे कान अजून गरम होते.

"येतंय," मी म्हटलं. "छान आलंय."

काकू समाधानानं हसल्या. सोबत आलेल्या मतदार-कार्डावर त्यांनी सही केली. सही हाताला पाठ होती, ती देखणी आली. पत्रपेटीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मी त्यांना गाडीनं पोस्टात घेऊन गेले आणि त्यांनी पाकीट खिडकीतल्या माणसाच्या हातात दिलं. येताना त्या गाणं गुणगुणत होत्या. मी गाडी चालवत होते आणि मनात म्हणत होते, चला, एक नकार तरी कमी झाला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मग खरा फॉल आला. न्यू जर्सीचा तो पंधरवडा ज्यानं पाहिलाय त्याला मी काय सांगणार, आणि नाही पाहिला त्यालाही काय सांगणार! सकाळी पडदा सरकवला की खोलीभर पिवळा उजेड, दिवा लागल्यासारखा. ईशाची स्कूलबस त्या उजेडातून यायची आणि त्यातच नाहीशी व्हायची. खारींची पळापळ. हवेत थंड सफरचंदाचा वास. वारा नसतानाही पानं पडायची, एकेक, सावकाश, आपण पडतोय हे त्यांना ठाऊक नसावं इतकी निवांत. मी जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसायची आणि तासभर कुठे जायचा कळायचं नाही. पोळ्या करायच्या राहिलेल्या असायच्या, मंदारचा फोन येऊन गेलेला असायचा. एवढं सुख आणि एवढं रिकामपण एकाच वेळी मी पुन्हा कधी अनुभवलं नाही.

अशाच एका दुपारी आम्ही दोघी पानं ओढत होतो. काकू मध्येच म्हणाल्या, "बहिणीचा फोन आला होता. हरलो आपण."

"आपण?" मी दाताळं थांबवलं. "आपण कोण?"

"तू आणि मी. त्या मुलांचं. बहुतेकांनी नाही म्हटलं." त्यांचं दाताळं चालूच होतं. "मी 'हो' लिहिलं होतं. तू इतकी ओरडलीस त्या दिवशी! मी म्हटलं, गाव काय मला रोज दिसत नाही. ईशा दिसते. म्हणजे, तिचे कान दिसतात."

 मी दाताळ्याला धरून उभी राहिले. गप्प बसता आलं असतं. मत हरलंच होतं, एका कागदानं काय फरक पडला असता? त्यांना कधीच कळलं नसतं. पण त्या माझ्या कानाकडे बघून इतक्या मोकळ्या हसत होत्या, की ते हसू मला घेववेना.

"काकू, ते वाचता येत नव्हतं."

"काय?"

"तुम्ही लिहिलेलं. मला वाटलं तुम्ही 'नाही' लिहिलंय. म्हणून मी सांगितलं नाही."

त्यांचं दाताळं थांबलं. पानांचा आवाज बंद झाला तेव्हा लक्षात आलं, की आजूबाजूला किती शांत होतं. त्यांनी दाताळं मॅपलच्या खोडाला नीट टेकवलं. मग म्हणाल्या, "माझे वडील रविवारी चर्चमधून परस्पर मत द्यायला जायचे. आई, मी, बहीण बाहेर उभ्या. ते म्हणायचे, मार्ग्रिट, तू काळजी करू नकोस, तुझ्या वाटचा विचार मी करतो." त्या दाराकडे वळल्या. "तूही केलास."

त्या आत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी वर येऊन रडले. मंदार ऑफिसातून आला तेव्हा अजून डोळे सुजलेलेच होते. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, लाखांत एक मत. एकानं काय होतंय? सॉरी म्हण आणि विषय संपव."

"लाखांत एक म्हणूनच तर," मी त्याच्यावर खेकसले. "त्यांचं ते एकच होतं!"

सॉरी मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं. काकू "ठीक आहे" म्हणाल्या, इंग्रजीत. तेव्हाच मला कळलं, की ठीक नाही. पुढचे चार आठवडे त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलल्या, तेही कचऱ्याचा डबा आणि हीटर एवढ्याच विषयांवर. दुपारचे चार वाजायचे आणि मी वरच्या मजल्यावर उगाच कपाटं आवरायची. खालून कॉफीचा वास यायचा. अंगणात त्या सकाळी पानं ओढायच्या आणि मी दुपारी. रस्त्याच्या कडेला दोन वेगळ्या रांगा लागायच्या, एक सरळ, एक वाकडी. गल्लीत निवडणुकीच्या पाट्या लागल्या होत्या, लोक दारोदार फिरत होते, मतदानाच्या दिवशी तर शाळेला सुट्टी होती. सगळ्या गावाला काहीतरी म्हणायचं होतं. मला एकाच बाईशी बोलायचं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दिवाळी आली. चकल्या केल्या, करंज्या केल्या, ताट भरून विणलेल्या रुमालानं झाकलं आणि काकूंच्या दाराशी ठेवून बेल वाजवली. आपल्याकडे शेजारणीचं ताट रिकामं परत करत नाहीत, हे मीच त्यांना पहिल्या वर्षी सांगितलं होतं. त्यांना ते इतकं आवडलं होतं, की त्यानंतर माझं ताट कधी टार्ट घेऊन यायचं, कधी चार सफरचंदं, आणि एकदा घरात काही नव्हतं तर मूठभर अक्रोड. या वेळी ताट दोन दिवसांनी जिन्यात सापडलं. घासलेलं, लखलखीत, रुमाल इस्त्री करून घडी घातलेला. आणि रिकामं. मी ते पोटाशी धरून पायरीवर बसून राहिले. मॅपलला तेव्हा मोजून दहा-बारा पानं उरली असतील.

परवा त्या मुलीनं सॉरी म्हटल्यापासून हे सगळं मनात फिरतंय. काकू आता ऑरेगॉनला मुलीकडे असतात. आम्ही टेक्ससला आलो त्याच वर्षी त्यांनी घर विकलं. महिन्यातून एकदा फोन होतो, जर्मनमध्ये. पाकीट आलं की मुलगी वाचून दाखवते. तिचं जर्मन माझ्याहून वाईट आहे, हे काकू मला प्रत्येक वेळी सांगतात आणि मी प्रत्येक वेळी खूश होते. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. ईशाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. 'यू डोंट केअर, राइट?' तिला सांगायचं तर ही पुढची दुपार सांगावी लागेल.

ताट परत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता वरच्या दारावर टकटक झाली. काकू कधी जिना चढून वर येत नसत. दारात त्याच होत्या, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात करडं पाकीट.

"चकल्यांत मीठ जास्त होतं," त्या म्हणाल्या. जर्मनमध्ये.

मी त्यांना टेबलाशी बसवलं. लाल पुस्तक उघडलं. कसल्याशा करांबद्दलचं, अतिशय रूक्ष. मी प्रत्येक शब्द वाचला, तळटिपासुद्धा वाचल्या. माझं स्वतःचं काय म्हणणं आहे ते सांगितलं नाही. खरं तर या वेळी म्हणणं नव्हतंच. वाचून झालं तेव्हा खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं आणि झाडाच्या फांद्या नुसत्याच काळ्या दिसत होत्या.

मी पेन हातात घेतलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. मग नीट—"

"नाही. इकडे दे."

मी त्यांचं बोट धरून चौकटीवर ठेवलं. त्यांनी आडोसा केला, लिहिलं, कागद फिरवला. त्या माझ्या कानाकडे बघत होत्या.

"वाचता येतंय?"

मी कागद उजेडाकडे धरला. अक्षरं एकमेकांवर चढली होती. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी ते आडव्या रेघेनं खोडलं. मी बोट पुन्हा खालच्या मोकळ्या जागेवर नेलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी सावकाश, ओठ घट्ट मिटून.

"आता?"

पेन मध्येच घसरलं होतं. पहिलं अक्षर कळत होतं आणि बाकीचं मला ओळखता आलं असतं, अंदाजानं. "नाही," मी म्हटलं.  "काकू, अजून नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं, बोटं मोडली, पुन्हा उचललं. मी त्यांचा हात धरला, पण फक्त जागा दाखवण्यापुरता, आणि लगेच सोडला. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. काय लिहिलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, मंदारलाही नाही. ते त्यांचं मत होतं.

"आता?"

मी एकदा वाचलं. मग पुन्हा, एकेक अक्षर, बोट ठेवून.

"येतंय," मी म्हटलं.